डिस्क गोल्फमध्ये तळ्याचे काम

डिस्क गोल्फ म्हणजे ठरलेल्या जागेवरून (टी) प्लास्टिकची चकती फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत कमीत कमी फेकींत पोचवणे. पहिले कायमचे मैदान एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात आखले. याला खड्डे लागत नाहीत की गालिच्यासारखी हिरवळ. सुट्या टोपल्या मिळाल्या तर पारोळ्यासारख्या गावात बागेतल्या तळ्याभोवती दिवसापुरते मैदान मांडता येते.

चकती पाण्यात गेली की डाव संपला, असे अनेकांना वाटते. गल्ली क्रिकेटमध्ये चेंडू शेजारच्या अंगणात गेला की गडी बाद, त्यामुळे हा समज साहजिक आहे. इथे मात्र तळे ही हद्दीबाहेरची जागा (ओबी) धरतात. दंडाची एक फेक वाढते आणि चकतीने काठ जिथे शेवटचा ओलांडला, तिथून मीटरभर आत येऊन खेळ पुढे चालू होतो.

म्हणून तळे टाळू नये, बाजू नीट निवडावी. उजव्या हाताने छातीसमोरून फेकलेली चकती वेग मंदावला की सहसा डावीकडे कलते. फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ठेवली तर पाणी उजवीकडे राहते आणि नवख्यांच्या चकत्या कोरड्यात उतरतात. डावखुऱ्यांचे नेमके उलटे. बऱ्याच चकत्या बुडतात, तेव्हा ही काळजी घ्यावीच. आणि लोकांची फिरायची वाट कुठल्याही फेकीच्या रेषेत येता कामा नये. चकतीची कड कठीण असते, जोरात लागते.