गारूड

सर्पांचा हाडवैरी जो गरुड, त्याच्या नावे चालणाऱ्या विषहारक मंत्रविद्येस संस्कृतात ‘गारुड’ म्हणत. त्या विद्येचा जाणकार तो गारुडी, आणि पुढे विष उतरविण्याचे मूळ काम मागे पडून टोपलीतला नाग डोलविणारा, नजरबंदीचे खेळ करणारा इसम याच नावाने गावोगाव ओळखला जाऊ लागला. वस्तुतः नाग पुंगीच्या सुरावर लुब्ध होत नाही. फणा काढून तो समोर हलणाऱ्या पुंगीचा सावधपणे रोख धरीत असतो, आणि मोहित होतो तो भोवती कोंडाळे करून उभा राहिलेला प्रेक्षक!

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गारुड्याच्या टोपलीवर टाच आणली, तरी शब्दाचा अंमल काही उठला नाही. बालगंधर्वांच्या स्वराने रसिकांवर गारूड केले, असे आपण आजही सहज म्हणतो. भुरळ क्षणात पडते व क्षणात ओसरते, चेटकात अनिष्टाची शंका असते. गारूड मात्र मनाचा दीर्घकाळ ताबा घेते, आणि ज्याच्यावर ते चालते, त्याची त्याविषयी सहसा तक्रार नसते.