आधी रोजकीर्द, मग खतावणी

समजा, आपण संगणकावर दहावीच्या गुणांची यादी केली, ‘सेव्ह’ म्हटले आणि दोन सेकंदांत वीज गेली. यादी वाचली की गेली?

‘सेव्ह’ म्हटल्याबरोबर मजकूर डिस्कवर उतरतोच असे नाही. बहुधा तो आधी रॅममध्ये थांबतो आणि सवडीने डिस्कवर जातो. कारण वेगातला फरक. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. रॅममधले काम त्याच्या हजारो पट झटपट होते. दर वेळी डिस्कसाठी थांबलो, तर संगणक रांगू लागेल. पण वीज जाताच रॅम कोरी होते! वेग आणि सुरक्षितता यांची ओढाताण येथेच सुरू होते.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. फाइल वाढते तेव्हा डिस्कवर निदान तीन ठिकाणी लिहावे लागते: प्रत्यक्ष मजकूर, तो कोठे ठेवला याची नोंद आणि मोकळ्या जागांचा तक्ता. यांपैकी एकच काम होऊन वीज गेली तर? नोंद एक सांगेल, तक्ता दुसरेच. वापरातली जागा ‘मोकळी’ समजून दुसऱ्या फाइलला दिली जाईल. लिनक्सच्या ईएक्सटी-२ या जुन्या पद्धतीत अशा वेळी सगळी डिस्क तपासावी लागे. डिस्क जितकी मोठी, तितका वेळ अधिक.

यावरचा उपाय आपल्या व्यापाऱ्यांना ओळखीचा वाटेल. व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग खतावणीत चढवायचा. ईएक्सटी-३ ही पद्धत २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. तिच्यात बदल आधी ‘जर्नल’मध्ये लिहून ‘नोंद पूर्ण’ अशी खूण केली जाते; नंतर ते मूळ जागी जातात. वीज आल्यावर फक्त जर्नल वाचायचे: खूण असलेल्या नोंदी पुन्हा अमलात आणायच्या, अर्धवट सोडून द्यायच्या.

पण मजकूरही जर्नलमध्ये लिहिला, तर तो दोनदा लिहावा लागतो. म्हणून ईएक्सटी-३ मध्ये तीन पर्याय होते. पहिला, सारे काही जर्नलमध्ये: सर्वांत सुरक्षित, बहुधा संथ. दुसरा, जर्नलमध्ये फक्त नोंदी, पण मजकूर त्यांच्या आधी डिस्कवर. तिसरा, फक्त नोंदी आणि मजकुराला क्रमाचे बंधन नाही: वेगवान, पण अपघातानंतर फाइलमध्ये शिळा मजकूर सापडू शकतो.

२००८ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झालेल्या ईएक्सटी-४ ने वेगासाठी आणखी एक युक्ती वापरली. मजकुराला डिस्कवरची जागा शक्य तितकी उशिरा द्यायची, म्हणजे सलग जागा मिळते. मात्र अनेक प्रोग्रॅम नव्या फाइलला जुन्या फाइलचे नाव देऊन मोकळे होत. नाव बदलल्याची नोंद डिस्कवर पोचे, मजकूर रॅममध्येच राही. मध्येच यंत्र बंद पडले तर फाइल शून्य लांबीची! २००९ मध्ये यावर मोठा वाद झाला आणि अशा प्रसंगी मजकूर आधी उतरवण्याची सोय करण्यात आली. खात्रीचा मार्ग मात्र ‘एफसिंक’ हाच. या आज्ञेने प्रोग्रॅम मजकूर डिस्कवर पोचेपर्यंत थांबतो. थांबणे ही सुरक्षिततेची किंमत.

आता आपल्या यादीचे काय? जर्नलमुळे डिस्कचा हिशेब जुळेल. शेवटच्या काही सेकंदांतले गुण सापडतीलच असे नाही. म्हणून गुणांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, हे उत्तम.