रोजचा ख्रिस्त (लेखांक ९) : ‘फादर नसन तं धर्म टिकते का?’

पापनिवेदनावर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मध्येच चांदूर रेल्वेहून एक पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नानं मला थेट नागासाकीला नेलं. तिथून परत येईपर्यंत लेखांक भरणार, हे आत्ताच सांगून टाकतो.

पत्र लिहिणाऱ्या ताईंचं माहेर श्रीरामपूरकडचं. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतल्या गर्दीत, गाण्यात, धुळीत त्या वाढल्या. लग्नानंतर वऱ्हाडात आल्या. यजमानांची पाळीची नोकरी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि सोयाबीन काढणीला आलं की रविवार कुठला आणि सोमवार कुठला! अमरावती जेमतेम तीस किलोमीटर, तरी दर रविवारी मिस्सेला पोहोचणं होत नाही. त्या लिहितात, सासूबाई पडल्या पडल्या विचारतात, ‘फादर नसन तं धर्म टिकते का वं बाई?’ आणि मला उत्तर देता येत नाही.

आधी कोरडं उत्तर देतो, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. रविवारची मिस्सा हे कॅथलिक माणसाचं कर्तव्य आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्साही त्यात धरली जाते. पण आजाऱ्याची सेवा करणाऱ्यावर चर्च दोष ठेवत नाही. चर्चच्या कायद्याची जी संहिता 1983 मध्ये आली, तिच्या 1248व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे, की धर्मगुरू नसल्यामुळे किंवा तशाच गंभीर कारणामुळे मिस्सेला जाणं अशक्य असेल, तर श्रद्धावंतांनी एकट्यानं, कुटुंबासह किंवा चार घरांनी मिळून पुरेसा वेळ प्रार्थनेत घालवावा. तेव्हा ताई, सासूबाईंच्या खाटेजवळ बसून तुम्ही शुभवर्तमान वाचता, ते चर्चच्या शब्दाला धरूनच आहे. मिस्सेची भरपाई त्यानं होत नाही, हेही खरं. ख्रिस्तप्रसादाला पर्याय नाही. म्हणून जमेल तेव्हा गाडी पकडायचीच. आणि आजाऱ्यासाठी घरी ख्रिस्तप्रसाद आणण्याची विनंती धर्मग्रामात करायला अजिबात संकोचू नका. अनेक घरं उगाच भिडेपोटी गप्प राहतात.

आता नागासाकी. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया तिथल्या टेकडीवर 5 फेब्रुवारी 1597 रोजी पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे. बाप पोर्तुगीज, आई वसईकडची. आधी जपानात व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला तो धर्मबंधू म्हणून. धर्मगुरू तो कधीच नव्हता. जपानी उत्तम बोलायचा, म्हणून फ्रान्सिस्कनांचा दुभाषा म्हणून त्याला पुन्हा तिकडे नेलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. 1862 मध्ये त्या सव्वीस जणांना संतपद मिळालं आणि त्यांच्याच नावानं नागासाकीत ओउरा नावाच्या जागी एक चर्च उभं राहिलं. खरी गंमत या चर्चमध्ये घडली.

जपानात 1614 पासून ख्रिस्ती धर्माला बंदी होती. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेवटचे धर्मगुरूही संपले. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, कुणी फादर नाही, महागुरू नाही. सापडलात तर मरण. असं दोनशेच्या वर वर्षं. नवं चर्च बांधलं गेलं, ते तिथं राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी. 17 मार्च 1865 रोजी दुपारी फ्रेंच धर्मगुरू बर्नार्ड पेतीजाँ यांनी पाहिलं, की दाराशी दहा-पंधरा खेडवळ माणसं उभी आहेत. उराकामी या जवळच्याच गावची. आत आली. एक बाई हळूच म्हणाली, की आमच्या मनात आहे तेच तुमच्याही मनात आहे. आणि लगेच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे?

पेतीजाँ चकित झाले, हे सगळेच सांगतात. मला त्या दिवशीच्या बोलण्यातला दुसराच तपशील जास्त मोठा वाटतो. त्या लोकांनी सांगितलं, की सध्या दुःखाचा काळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस. तुम्हीही पाळता ना? 1865 साली राखेचा बुधवार 1 मार्चला होता. मोजून पाहा. सतरावा दिवस बरोबर 17 मार्चला येतो! छापील कॅलेंडर नाही, रोमहून पत्र नाही, शेजारचा आपला आहे की खबऱ्या आहे याची खात्री नाही. आणि सात पिढ्यांनंतर उपवासकाळाची तिथी एका दिवसानंही चुकलेली नाही.

हे कसं जमलं? त्यांनी गावात तीन कामं वाटून घेतली होती. एकाकडे पंचांग : सण कधी, उपवास कधी, काम बंद कधी, हे त्यानं काढायचं. दुसऱ्याकडे पाणी : जन्मलेल्या पोराला स्नानसंस्कार त्यानं द्यायचा. तिसरा निरोप्या : ठरलेलं घरोघर कानावर घालायचं. तिघंही शेतकरी, कोळी, असलेच प्रापंचिक. सात पिढ्यांनी पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू मोठ्या जहाजातून येतील, अशी त्यांच्यात परंपरेनं चालत आलेली आशा होती. ते येईतोवर काय करायचं, तर खऱ्या पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करून ठेवायची. (पुढच्या लेखाचा धागा इथेच आहे, विसरू नका.)

उराकामीच्या लोकांचे हाल त्यानंतरही संपले नाहीत. ओळख उघड झाली आणि पुढच्या काही वर्षांत तीन हजारांहून जास्त लोकांना गावातून हुसकावून दूर दूर पाठवलं गेलं. 1873 मध्ये बंदी उठली, तेव्हा वाचलेले परतले.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या तीन कामांत आहे. धर्म टिकते, आजी. पण कुणीतरी पंचांग सांभाळलं पाहिजे, कुणाला तरी पाणी कसं ओतायचं ते माहीत पाहिजे, आणि कुणीतरी चार घरं फिरलं पाहिजे.

पंचांगाचं काम ताईंनी घ्यावं. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशी, चतुर्थी छापलेली असतेच. त्यातच आगमनकाळाचा पहिला रविवार, राखेचा बुधवार, मृतांचा दिवस 2 नोव्हेंबर, घरातल्या प्रत्येकाच्या संताचा सण असं पेनानं लिहून काढा. घरात ताट बदललं की पोरांना काळ बदललेला कळतो. उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण नाही, एवढं पाळलं तरी लहान मूल विचारतं, का? त्या ‘का’नंतर जे सांगाल तेच धर्मशिक्षण.

पाण्याबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ आहे. बाळ किंवा मोठं माणूस मरणाच्या दारात असेल आणि धर्मगुरू येईपर्यंत वेळ नसेल, तर कुणीही स्नानसंस्कार देऊ शकतं. देणारा स्वतः ख्रिस्ती नसला तरी चालतो, मात्र चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा त्याचा हेतू हवा. साधं पाणी डोक्यावर ओतायचं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला स्नानसंस्कार देतो, असं म्हणायचं. नंतर धर्मग्रामात कळवून नोंद करायची. दूरच्या गावातल्या प्रत्येक कॅथलिक घरात एका माणसाला हे पाठ असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं काम सर्वांत अवघड, कारण त्यात लाज आडवी येते. आपली घरं दार लावून, आवाज दाबून जपमाळ म्हणतात. शेजारी काय म्हणतील! अहो, तुम्ही वऱ्हाडात राहता. शेजारच्या तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना इथल्या गावांमध्ये संध्याकाळी मोठ्यानं म्हटली जाते. सांजेला एकत्र बसून देवाचं नाव घेणाऱ्या घराचं या मातीला कौतुकच वाटतं. (ग्रामगीता 1955 ची आणि आपला अमरावती धर्मप्रांतही 1955 चा, हा योगायोग मला फार आवडतो.) तेव्हा मोठ्यानं म्हणा. शेजारच्या काकू डोकावल्या तर या म्हणा, बसा म्हणा. त्यांच्या घरी कुणी आजारी असेल तर जपमाळेचं एक दशक त्याच्या नावानं म्हणा आणि तसं त्यांना सांगाही. श्रद्धा वाटण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसलेला नाही. पत्रकं वाटण्यावर माझा विश्वास नाही.

पोरं टीव्ही सोडत नाहीत, ही ताईंची दुसरी तक्रार. पूर्ण जपमाळेचा हट्ट आठवड्यातून एकदाच धरा. बाकीचे दिवस एक दशक पुरे, आणि ते पोरांनीच चालवायचं : आज कोणतं रहस्य हे त्यांनीच शोधायचं. सोमवारी, शनिवारी आनंदाची, मंगळवारी, शुक्रवारी दुःखाची, बुधवारी, रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. सूत्र हातात दिलं की मुलं बसतात. मोबाइलवर मिस्सा लावून भाजी चिरणाऱ्यांविषयी मात्र मी काही बोलत नाही. आजाऱ्याला तो मोठा आधार आहे, धडधाकट माणसाला ती पळवाट आहे.

क्रिस्तपुराणाकडे वळायचं मनात होतं. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये राशोलला छापलेला तो ग्रंथ घराघरांत वाचून किती घरं तगली, ही गोष्ट याच्याच जोडीची आहे. पण जागा संपली.

पुढच्या आठवड्यात नक्की पापनिवेदन. तोवर एक काम करा. तुमच्या आजीच्या, सासूबाईंच्या तोंडी जपमाळेच्या शेवटी जी घरगुती प्रार्थना असेल, ती तिच्याच वऱ्हाडी बोलीत, एक अक्षर न सुधारता लिहून मला पाठवा. पुष्कळशा प्रार्थना कुठे छापलेल्याच नाहीत.