‘येलदरीचे दहाही दरवाजे उघडले’ हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढं वाचा

पावसाळ्यात जिंतूर, सेनगाव, वसमत भागातल्या ग्रुपवर असे मेसेज फिरतात. “येलदरीचे दहाही दरवाजे उघडले, नदीकाठच्यांनी लगेच गाव सोडा!” सोबत व्हिडिओ. तो आजचा आहे, मागच्या वर्षीचा आहे की भलत्याच धरणाचा, हे कुणी बघत नाही.

आकडे कसे वाचायचे?

पूर्णा नदीवरचं येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. धरणाला दरवाजे दहा आहेत. पण किती दरवाजे उघडले यापेक्षा ते किती वर उचलले आणि किती क्युसेक पाणी सोडलं, हे महत्त्वाचं असतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. १०,००० क्युसेक म्हणजे १० हजार लिटरचे २८ टँकर दर सेकंदाला नदीत रिकामे करण्यासारखं. त्यामुळे ज्या मेसेजमध्ये क्युसेक, तारीख आणि वेळ नाही, तो अर्धवट समजायचा.

टक्केवारीचंही तसंच. धरणात एकूण सुमारे ९३४ दलघमी पाणी मावतं, पण टक्केवारी साधारण ८१० दलघमी उपयुक्त साठ्यावर काढतात. म्हणून ‘धरण शून्य टक्के’ याचा अर्थ धरण कोरडं पडलं असा होत नाही. खाली मृतसाठा असतोच. आणि ‘शंभर टक्के’ म्हणजे धरण फुटायला आलं असंही नाही. धरण भरत आलं की पाणी सोडणं हे नेहमीचंच काम आहे.

खोटा मेसेज पाठवला तर?

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीचा खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ सुद्धा लोकांत भीती पसरवणाऱ्या अफवांना लागू होऊ शकतं. “मी लिहिलं नाही, फक्त पुढे पाठवलं” एवढ्यावर सुटका होईलच असं नाही.

मग ॲडमिनचं काय?

‘ॲडमिनवर गुन्हा दाखल होईल’ ही धमकी सगळ्यांनी ऐकलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियातल्या एका प्रकरणात सांगितलं, की दोघांचा समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. स्वतः अफवा टाकणाऱ्या ॲडमिनला मात्र याचा आधार नाही.

एवढं मनावर का घ्यायचं?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायला सुरुवात केली. आज मेसेजवर दुहेरी बाण दिसला, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आला आहे असं समजा.

धरणाच्या अफवेचा तोटा वेगळा आहे. तीनदा खोटा मेसेज आला की चौथ्यांदा खरा इशारा आला तरी माणूस नदीतली मोटार काढायला जात नाही, काठावरची जनावरं सोडत नाही. म्हणून आधी १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या नंबरवर किंवा तलाठ्याकडे विचारा. खरं निघालं तर तारीख, वेळ आणि क्युसेक लिहून जरूर पाठवा. तोच मेसेज कुणाच्या तरी कामाला येईल.