भूमिगत उच्चदाब विद्युत पारेषण वाहिनी

भूमिगत उच्चदाब विद्युत पारेषण वाहिनी म्हणजे मनोऱ्यांवरील उघड्या तारांऐवजी जमिनीखालील विद्युतरोधित केबलमधून उच्च दाबाची वीज वाहून नेणारी वाहिनी होय. दाट वस्तीची शहरे, विमानतळांचा परिसर आणि मनोऱ्यांसाठी जागा न मिळणारे भाग येथे तिचा वापर होतो. वादळवाऱ्याचा तिला उपद्रव होत नाही. मात्र तिची उभारणी मनोऱ्यांवरील वाहिनीपेक्षा बरीच खर्चिक असते.

केबलची रचना

केबलच्या मध्यभागी तांब्याचा किंवा ॲल्युमिनिअमचा वाहक असतो. त्याभोवती विद्युतरोधक थर, धातूचे आवरण व बाहेरून प्लॅस्टिकचे कवच असते. पूर्वी विद्युतरोधनासाठी तेलात भिजवलेला कागद वापरत. आता एक्सएलपीई हा पॉलिएथिलीनचा प्रकार प्रचलित आहे. अशा केबलमधील वाहकाचे तापमान नेहमीच्या वापरात ९० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक वाढू देत नाहीत.

बांधणी

प्रथम मार्गाचे सर्वेक्षण करून जमिनीखालील पाण्याचे नळ, गटारे व इतर केबल शोधतात. त्यानंतर चर खणतात. रस्ते, रेल्वेमार्ग व नद्यांखालून आडवे छिद्र पाडून किंवा बोगद्यातून केबल नेतात. केबल मोठ्या रिळांवर ठरावीक लांबीच्या तुकड्यांत येत असल्याने ठिकठिकाणी सांधे द्यावे लागतात. सांध्यात धूळ किंवा ओलावा शिरल्यास तेथेच पुढे बिघाड होण्याचा धोका असतो. म्हणून हे काम आच्छादित, स्वच्छ जागेत प्रशिक्षित कारागीर करतात.

तारांची उष्णता हवेत सहज निघून जाते. केबलची उष्णता मातीतूनच बाहेर पडते. कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नाही. त्यामुळे केबलभोवती उष्णतावाहक भराव घालतात आणि त्यावर धोक्याची सूचना देणाऱ्या फरश्या किंवा पट्ट्या टाकतात. शेवटी उच्च दाबाखाली चाचणी घेऊन वाहिनी कार्यान्वित करतात.

मर्यादा

वाहक व धातूचे आवरण यांच्यामुळे केबल धारित्राप्रमाणे वागते. प्रत्यावर्ती विद्युतधारेत (एसी) प्रत्येक आवर्तनात ती भारित व विभारित होते, आणि या कामीच केबलच्या क्षमतेचा काही भाग खर्ची पडतो. लांबीबरोबर हा भाग वाढतो. म्हणून लांब पल्ल्याच्या केबलसाठी दिष्ट विद्युतधारा (डीसी) सोयीची ठरते. बिघाड झाल्यास त्याची जागा शोधणे, खोदणे व नवा सांधा देणे यांत काही आठवडेही जाऊ शकतात.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या मध्यवर्ती भागाला ११० किलोव्होल्टच्या चार भूमिगत केबलमधून वीज मिळत असे. १९९८ च्या उन्हाळ्यात, जानेवारी व फेब्रुवारीत, त्या एकामागून एक निकामी झाल्या आणि तेथील वीजपुरवठा सुमारे पाच आठवडे विस्कळीत राहिला. तात्पुरता उपाय म्हणून खांबांवरून नवी वाहिनी टाकावी लागली.

भारतातील उदाहरणे

मुंबईत २२० किलोव्होल्टच्या भूमिगत केबल वापरात आहेत. तमिळनाडूतील पुगलूर व केरळमधील त्रिशूर यांना जोडणारी ३२० किलोव्होल्टची दिष्ट वाहिनी २०२१ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिची क्षमता २,००० मेगावॉट असून, दाट लोकवस्तीच्या केरळमधील सुमारे २७ किलोमीटरचा टप्पा भूमिगत आहे.