आईचं घर, मामाचा मळा

‘घरजावई’ हा आपल्याकडे शिवीच्या अगदी शेजारी बसणारा शब्द. सासऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाकडे गाव जरा तिरकंच बघतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ब्लॅक मेसा नावाच्या पठाराच्या दक्षिण कडेला होपी लोकांची बारा गावं आहेत. तिथे हा टोमणा कुणाला मारताच येणार नाही, कारण रीतीनुसार तिथला प्रत्येक नवरा घरजावईच. लग्न झालं की मुलगा सासरी जातो. घर बायकोचं, खरं तर सासूचं, आणि तिच्यामागे मुलींचं.

अटलांटिकच्या पलीकडे, पश्चिम आफ्रिकेतल्या घानात, कुमासी शहराभोवतीच्या अशांती गावांमधला जुन्या वळणाचा नवरा तर घरजावईसुद्धा नाही. तो आपल्या आईच्या घरी राहतो, बायको तिच्या आईच्या घरी. १९४०च्या दशकात मायर फोर्टिस या मानववंशशास्त्रज्ञाने या गावांची पाहणी केली. तिन्हीसांजेला मुलं डोक्यावर शिजवलेल्या अन्नाची भांडी घेऊन आईच्या घरून बापाच्या घराकडे धावत निघतात, हे दृश्य त्याने नोंदवून ठेवलं. लग्न टिकून आहे की नाही, हे गावाला या भांड्यांवरून कळायचं. भांडं थांबलं की समजायचं, काहीतरी बिनसलंय.

या दोन समाजांची तुलना करताना एक अडचण आधी सांगून टाकलेली बरी. घाना हा २०२१च्या जनगणनेनुसार तीन कोटींहून जास्त वस्तीचा देश आहे. नोंदणीकृत होपी सगळे मिळून साधारण १४ हजार भरतात. शिवाय सगळा घाना मातृवंशीय नाही. उत्तरेकडचे दागोम्बा, पूर्वेचे एवे, अक्रा शहराच्या आसपासचे गा या लोकांत वंश बापाकडून मोजतात. आईकडून मोजतात ते अकान. अशांती, फांटी, अक्येम वगैरे मंडळी यात येतात आणि ती देशाच्या जवळपास निम्मी आहेत. म्हणून इथे ‘घाना’ म्हणजे मुख्यतः अकान. एकमेकांची भाषा, पाऊस, देव यांतलं काहीही ठाऊक नसलेल्या या दोन समाजांनी नात्यांचं व्याकरण मात्र एकच लिहिलं, आणि मग बाजार दारात आल्यावर दोघांचं गणित वेगवेगळ्या जागी चुकलं. मला कुतूहल आहे ते या चुकण्याचं.

आधी व्याकरण. अकानांच्या समजुतीत रक्त आईकडून येतं. रक्त ज्यांचं एक, त्यांची एक ‘अबुसुआ’, म्हणजे कूळ. बाप या कुळाबाहेरचा. त्याच्या मालमत्तेवर हक्क त्याच्या बहिणीच्या मुलांचा. मामाला ‘वोफा’ म्हणतात, आणि भाच्याच्या आयुष्यात वोफाचा शब्द बापाच्या शब्दाहून जड. होपींकडेही शिस्त लावणारा तो मामाच. बाप लाड करायला मोकळा. कूळ आईचं असलं तरी नाव मात्र दोन्हीकडे बापाच्या बाजूने येतं. होपी बाळाला विसाव्या दिवशी आजी आणि आत्या, म्हणजे बापाकडच्या बायका, नावं देतात आणि त्या नावांत बापाच्या कुळाची खूण असते. अकान बाळाचं नाव आठव्या दिवशी बाप ठेवतो. त्यात जन्मवाराचं नाव आपसूक येतं : शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. कोफी अन्नान शुक्रवारी जन्मले असणार, हे घानात कुणाला सांगावं लागत नाही.

हे वाचून ‘स्त्रीराज्य’ डोळ्यांपुढे आलं असेल तर थांबावं. होपी गावाचा प्रमुख, किकमोंग्वी, पुरुषच असतो. अशांतींच्या सुवर्णासनाचा मानकरीही राजाच, जरी त्या आसनावर प्रत्यक्ष कुणीच बसत नाही. फक्त तो कुणाचा मुलगा आहे यापेक्षा कुठल्या बाईचा भाऊ किंवा भाचा आहे, हे महत्त्वाचं. गादीसाठी नाव सुचवण्याचा मान राजमातेचा, म्हणजे ओहेमाचा. १९००मध्ये इंग्रज गव्हर्नरने ते आसन बसायला मागितलं, तेव्हा लढाईला उभी राहिली ती एजिसूची राजमाता याआ असान्तेवा. पण संसदेचंच बघा : २०२०च्या निवडणुकीत २७५ जागांपैकी ४० जागांवर बायका निवडून आल्या. वंश आईकडून चालतो म्हणून सत्ताही आईकडेच जाते असं नाही. केरळातल्या नायरांच्या तरवाडातही कारभार मामाच बघायचा. इरावती कर्वेंनी भारतीय नातेव्यवस्थेवरच्या १९५३च्या ग्रंथात त्या घरांचं वर्णन केलेलं आहे.

बाईच्या हाती पैसा मात्र होता. कुमासीच्या केजेटिया बाजारात टोमॅटो, याम नावाचा कंद, कांदा या प्रत्येक मालाची एक मुखत्यारीण असते. तिलाही ‘ओहेमा’च म्हणतात. ती भांडणं सोडवते, गावाकडून आलेल्या मालाच्या उताराची व्यवस्था बघते. नवरा-बायकोचे बटवे वेगळे, हा इथला साधा नियम. ग्रेशिया क्लार्क या संशोधिकेने कुमासीच्या बाजारकरणींवर १९९४ साली पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा मराठी अर्थ ‘कांदे हाच माझा नवरा’ असा होतो. लासलगावच्या माणसाने हे हसण्यावारी नेऊ नये. ज्या समाजात नवऱ्याच्या मिळकतीवर बायकोचा हक्क नाही, तिथे कांद्याची पाटी हाच खरा आधार असतो. अर्थात याच बाजारात डोक्यावर ओझी वाहणाऱ्या मुली उत्तर घानातून, पितृवंशीय आणि अधिक गरीब मुलखातून आलेल्या असतात. त्यांना ‘कायायेई’ म्हणतात. आईचं कूळ बळकट असण्याचा फायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आता शेताकडे.

होपींचं शेत कुळाचं, आणि कुळातल्या बाईच्या नावाने ओळखलं जाणारं, राबणारा नवरा. पाऊस वर्षाला दहा इंचांच्या आतबाहेर. आपल्या माणदेशात याच्या दुपटीच्या आसपास पडतो, तरी आपण त्याला दुष्काळी म्हणतो. कालवा नाही, विहीर नाही. वाळूखाली हिवाळ्यातल्या बर्फाची ओल धरून असते, तिथवर पोचायला काठीने वीतभर, कधी त्याहूनही खोल भोक पाडून एकेका जागी दहा-बारा दाणे टाकतात. पुढची जागा चांगली चार पावलं सोडून. निळा मका पिकतो. त्याच्या पिठात जुनिपरच्या झाडाची राख कालवून तापल्या दगडावर हाताने कागदासारखी पातळ ‘पीकी’ भाजतात. पीक निघालं की ते घरात येतं आणि बाईचं होतं. लग्नाआधी नवरी नवऱ्याच्या घरी जाऊन दिवसच्या दिवस मका दळते आणि तोवर नवऱ्याकडचे पुरुष तिच्यासाठी पांढरी सुती वस्त्रं विणतात. हो, विणकाम पुरुषांचं. कुमासीजवळच्या बोनविरे गावात केंटे हे कापड विणणारेही परंपरेने पुरुषच.

या मक्याचा एक गुण अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा आहे : तो दरवर्षी संपतो. बियाण्यापुरता राखला की वारशाला मागे काही उरत नाही. बापाने आयुष्यभर घाम गाळला तरी ‘बापाची मिळकत’ म्हणून मुलांनी आतेभावांशी भांडावं असं त्यात काही नाही.

कोकोचं झाड तसं नाही. तेत्तेह क्वार्शी नावाचा लोहार १८७०च्या दशकात फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया घेऊन परतला आणि त्याने त्या मांपोंग-अक्वापेम गावात लावल्या, ही घानातली शाळकरी गोष्ट. १९११पर्यंत गोल्ड कोस्ट, म्हणजे तेव्हाचा घाना, जगात सर्वांत जास्त कोको पाठवणारा मुलूख झाला होता. आणि हे मोठ्या मळेवाल्या साहेबांनी नाही, छोट्या शेतकऱ्यांनी केलं. पॉली हिल हिच्या १९६३च्या अभ्यासातला एक तपशील मला फार आवडतो. अक्वापेम डोंगरावरचे लोक पश्चिमेकडे जंगल विकत घ्यायला निघाले, तेव्हा पितृवंशीयांनी वर्गणी काढून जमीन घेतली आणि पट्टे पाडून आपापसांत वाटून टाकली. मातृवंशीयांनी घेतलेली जमीन मात्र कुटुंबाची म्हणून राहिली आणि भाचे-बहिणी तिच्यावर येऊन वसल्या. जंगल तेच, झाडही तेच. नकाशे मात्र निराळे झाले.

कोकोचं रोप फळायला चार-पाच वर्षं लागतात. त्याला सावली हवी, म्हणून मधे केळी आणि अळूसारखे कंद लावतात. हे लावणं, तण काढणं, त्यावर घर चालवणं बायकोच्या आणि मुलांच्या अंगावर. पुढे झाड तीस वर्षं आणि त्याहून जास्त उत्पन्न देतं. मग नवरा मरतो. अबुसुआची बैठक बसते आणि मळा भाच्याकडे जातो. जिने रोपं जगवली ती बाई परत आईच्या घरी. जुन्या अन्नधान्याच्या शेतीत हे फारसं बोचत नव्हतं, कारण मागे राहणारं असं थोडंच होतं, आणि तिला तिच्या कुळाची जमीन मिळतच होती. कोकोने मरणाऱ्याच्या मागे खरीखुरी इस्टेट उभी केली आणि मामा-भाच्याचं नातं कोर्टात नेलं. शहाण्या बापांनी पळवाट काढली. जिवंतपणी, साक्षीदारांसमोर, मळ्याचा तुकडा मुलाला द्यायचा. मुलाने दारूची बाटली देऊन आभार मानायचे. त्या आभाराला ‘आसेदा’ म्हणतात. आसेदा झाली नाही तर दान पक्कं नाही.

१९८५ साली जेरी रॉलिंग्ज यांच्या लष्करी सरकारने मृत्युपत्राविना मरणाऱ्यांच्या वारशाचा कायदा केला. घर आणि घरातलं सामानसुमान जोडीदार आणि मुलांना. उरलेल्या स्वकष्टार्जित मिळकतीची वाटणी जुन्या मराठी माणसाला चटकन कळेल अशी, सोळा आण्यांत : नऊ आणे मुलांना, तीन जोडीदाराला, दोन आईबापांना आणि दोनच आणे रूढीप्रमाणे, म्हणजे अकानांकडे अबुसुआला. शेकडो वर्षांचा भाच्याचा हक्क एका फटक्यात दोन आण्यांवर आला. पण मेख ‘स्वकष्टार्जित’ या शब्दात आहे. कुळाच्या जमिनीवर लावलेला मळा कुणाचा? केरळने १९७५मध्ये एकत्र कुटुंबच कायद्याने मोडून हा प्रश्न संपवला. घानाने कूळ ठेवलं, कायदाही ठेवला, आणि प्रत्येक मयताच्या घरी दोघांची गाठ घालून दिली.

होपींच्या बाबतीत झाड आलं नाही, कोळसा आला. तो मळ्यात नव्हता, जमिनीच्या पोटात होता. इथे कुणा भाच्याचा तंटा उभा राहिला नाही, कारण कोळसा कुठल्याच कुळाला मिळाला नाही. तो ‘टोळी’चा ठरला. टोळीची परिषद ही वस्तू मुळात १९३६ची, वॉशिंग्टनच्या धोरणातून आलेली. त्याआधी प्रत्येक गाव स्वतंत्र होतं, आणि परिषदेसाठी झालेल्या मतदानापासून जुन्या वळणाचे बरेच लोक दूरच राहिले. त्यांच्या लेखी न जाणं हाच नकार. सरकारशी कसं वागायचं यावरून ओराइबी गाव १९०६मध्येच फुटलं होतं. दोन गट एकमेकांना रेघेपलीकडे ढकलत होते आणि हरलेल्यांनी जाऊन होटेव्हिला वसवलं. त्याआधी, १८९५मध्ये, एकोणीस होपी पुरुष आल्कात्राझच्या तुरुंगात होते. मुलांना सरकारी निवासी शाळेत पाठवायला त्यांच्या गटाने विरोध केला, हे त्यामागचं एक कारण. आईच्या घरावर उभ्या समाजातून मूलच उचलून नेलं की काय उरतं, हे त्यांना नीट कळलं होतं.

या परिषदेने १९६६मध्ये पीबॉडी कंपनीला खाणीचा करार लिहून दिला. टोळीचा वकील त्याच काळात त्या कंपनीचंही काम करत होता, हे पुढे कागदपत्रांतून बाहेर आलं. कोळशाचा चुरा करून भूगर्भातल्या गोड्या पाण्यात कालवायचा आणि नळातून सुमारे ४४० किलोमीटर लांब नेव्हाडातल्या वीजकेंद्राला पाठवायचा, असा उद्योग २००५ अखेरपर्यंत चालला. ज्या लोकांचे सगळे विधी पावसासाठी आणि झऱ्यांसाठी, त्यांच्या पायाखालचं पाणी कोळसा वाहून न्यायला वापरलं गेलं. दुसरं केंद्र पेज गावाजवळचं. त्याच्या विजेवर कोलोरॅडो नदीचं पाणी वर चढवून फिनिक्स आणि टुसॉनला जात असे. होपींच्या काही गावांत त्या वेळीही नळ नव्हता, आणि काही गावांच्या विहिरींत आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त होतं. तरी टोळीच्या अंदाजपत्रकाचा फार मोठा वाटा कोळशाच्या पैशाचा होता. २०१९मध्ये खाण आणि केंद्र दोन्ही बंद पडली, आणि तो पैसा गेला. जुगारघर हा अनेक टोळ्यांचा राजमार्ग होपींनी १९९५ आणि २००४ अशा दोन मतदानांत नाकारला होता. परवडलं का, हा प्रश्न बाहेरच्याने विचारू नये, पण पडतो खरा.

घानाची मोठी आकडेवारी याहून वरच्या पट्टीतली. भरडली जाणारी माणसं मात्र तशीच. १९४७पासून कोकोचा भाव सरकारी मंडळ ठरवतं. २०२४मध्ये जागतिक बाजारात टनाला १० हजार डॉलरच्या वर भाव गेला तेव्हा मंडळाने बराच माल आधीच स्वस्तात विकून टाकला होता. शेतकऱ्याच्या हाती त्यातलं थोडंच आलं. त्याआधी, डिसेंबर २०२२मध्ये, देशाने परकीय कर्जाचे हप्ते थांबवले होते आणि महागाई ५४ टक्क्यांवर होती. झाडं म्हातारी झालीत, त्यांना फांद्या सुजवणारा विषाणू लागलाय. आणि सोन्यासाठी बेकायदा खोदणारे ‘गलामसे’वाले मळ्याच्या दारात रोख पैसे घेऊन उभे आहेत. घटनेनुसार जमिनीखालचं सोनं सरकारचं, वरची झाडं कुटुंबाची. पण एकदा खड्डा पडला आणि प्रा नदीचं पाणी चहासारखं झालं की बायको, मुलं, भाचा यांच्यात वाटायला झाडच शिल्लक राहत नाही.

होपी तरुणांना कामासाठी फिनिक्स, फ्लॅगस्टाफ गाठावं लागतं. ज्याची आई होपी नाही त्याचं नाव टोळीच्या नोंदीत चढू शकतं, कूळ मात्र मिळत नाही. फेब्रुवारीत पोवामुया हा सण येतो. पुढच्या हंगामाचा अंदाज घ्यायला या दिवसांत किवात, म्हणजे जमिनीखालच्या विधिगृहात, घेवड्याच्या बिया उगवत घालतात. तेव्हा शहरातून गाड्या पठाराची चढण चढतात. सणाच्या कामासाठी जावई आपल्या आईच्या कुळाच्या घराकडे वळतो. सामान मात्र आधीच सासूच्या घरी उतरवलेलं असतं.