रंगमंचावरून ध्वनिमुद्रिकेवर

नाटकासाठी रचलेले संगीत ध्वनिमुद्रिकेवर येते तेव्हा त्याचे केवळ जतन होत नाही, तर त्याची पुनर्रचनाही होते. मराठी नाट्यसंगीत हे याचे बोलके उदाहरण होय.

१९१६ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकाला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व पद गाऊ लागले म्हणजे 'वन्समोअर'ची मागणी होई व तेच पद नव्या विस्ताराने पुन्हा रंगे. पुढील काळात गंधर्व नाटक मंडळीत साथीला अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी असे. पद किती वेळ चालावे, हे गायक आणि प्रेक्षक मिळून ठरवीत.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मात्र सुमारे तीन मिनिटांचेच गायन मावत असे. त्यामुळे आलाप आखडता घ्यावा लागे, पुनरावृत्ती गाळावी लागे आणि कोणती तान कोठे घ्यावयाची याचा विचार आधीच करावा लागे.

प्रारंभीच्या यांत्रिक पद्धतीत गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून खुल्या आवाजात गावे लागे. ध्वनीच्या कंपनांनीच सुई हलून मेणावर चर कोरला जाई. मंद स्वर आणि तंबोऱ्याचा झंकार त्यात पुरेसा उमटत नसे. १९२५ पासून विद्युत् पद्धती प्रचारात आली. मायक्रोफोन ध्वनीचे विद्युत् प्रवाहात रूपांतर करी आणि निर्वात नलिका तो क्षीण प्रवाह वाढवीत. आता स्वराचा हळुवार लगावही तबकडीवर उतरू लागला. कालमर्यादा मात्र तशीच राहिली.

विद्युत् साधने केवळ ध्वनी टिपण्यापुरती न राहता स्वतःच वाद्ये बनली, तेव्हाही हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अमेरिकन कलावती लॉरी अँडरसन यांचा 'युनायटेड स्टेट्स' हा रंगमंचीय प्रयोग १९८३ साली ब्रुकलिन येथे संपूर्ण स्वरूपात सादर झाला, तेव्हा त्याला दोन संध्याकाळी लागल्या. तो टप्प्याटप्प्याने आकार घेत असतानाच त्यातील निवडक गीतांची 'बिग सायन्स' ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली निघाली. तीतील 'ओ सुपरमॅन' या गीताची मूळ प्रेरणाही रंगभूमीवरचीच, म्हणजे मास्ने यांच्या १८८५ सालच्या 'ल सिद' या संगीतिकेतील एक पद. 'हा' या एकाच अक्षराचे अखंड आवर्तन आणि व्होकोडर यंत्राने पालटलेला मानवी आवाज यांवर ते उभे आहे. रंगमंचावरील चित्रे आणि छाया वगळल्यावर उरलेला सारा भार येथे ध्वनीलाच पेलावा लागतो.

ध्वनिमुद्रिकेमुळे नाट्यपद नाटकगृहापर्यंत कधीही न पोहोचलेल्या श्रोत्यांच्या घरी गेले, हा तिचा मोठाच उपकार होय. परंतु त्या श्रोत्यांच्या दृष्टीने तीन मिनिटांचे ते रूप हेच मूळ पद ठरले. बालगंधर्वांच्या गायकीचे मोल त्यांच्या तबकड्यांवरून ठरविताना, 'वन्समोअर' म्हणणारा प्रेक्षक तेथे समोर नव्हता याचे भान ठेवणे अगत्याचे आहे.